साडी टेबलावर असतानाच रंग जुळवा : केबल लावून शूटिंग आणि रॉ फाइल

ताई, तुम्ही तीन-चार गोष्टी एकत्र विचारल्या आहेत, म्हणून आधी त्या मांडून घेतो. आरमोरीजवळ तुमच्या घरी मागावर कोशाच्या (टसर रेशमाच्या) करवतकाठी साड्या होतात आणि बचत गटाने त्या ऑनलाइन विकायला घेतल्या आहेत. फोटोंसाठी तुम्ही वापरलेला कॅनन १५००डी घेतला, लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि रॉ फोटो सुधारण्याचा डार्कटेबल हा प्रोग्राम टाकला. केबल लावली की कॅमेरा फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, पण डार्कटेबलमधून शूटिंग सुरू करायला गेलं की कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असल्याचा संदेश येतो. कार्डावरून काढलेले रॉ फोटो (म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न करता ठेवलेली कच्ची नोंद) कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास आणि लॅपटॉपवर मळकट दिसतात. फाइली कार्डावर ठेवायच्या की लॅपटॉपमध्ये, हे कळत नाही. आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने साडी परत पाठवली. फोटोत हिरवट-पिवळी दिसत होती, हातात आली ती मधाळ तपकिरी, असं त्यांचं म्हणणं.

मी ब्रह्मपुरीकडे बावीस वर्षांपासून स्टुडिओ चालवतो. लग्नं असतात, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं असतात, आणि गेली आठ-नऊ वर्षं कोशाच्या कापडाचे फोटो काढतो. कोशाने मला जेवढं शिकवलं तेवढं लग्नांनी शिकवलं नाही. लग्नात शालूचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर कोणी फोटो परत करत नाही. इथे साडीच परत येते, आणि विणणाऱ्याची आठ-दहा दिवसांची मेहनत पेटीत पडून राहते.

आधी तो संदेश, कारण त्याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. मिंटमध्ये केबल लावली की फाइल मॅनेजर कॅमेऱ्याला पेनड्राइव्हसारखा उघडतो आणि धरून ठेवतो. एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेऱ्याशी बोलू शकतो. म्हणून फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला कॅमेऱ्याच्या नावापुढे बाहेर काढायचा बाण आहे, तो दाबा. केबल काढू नका, फक्त तो बाण दाबा. मग डार्कटेबलच्या लाइटटेबल पानावर इम्पोर्टच्या खाली कॅमेऱ्याचं नाव दिसेल, तिथून कॅमेरा माउंट करून टिथर्ड शूट, म्हणजे केबलवरचं शूटिंग, निवडा. रोज हा खटाटोप नको असेल तर फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन, लावलेलं उपकरण आपोआप उघडण्याचा पर्याय बंद करून टाका.

तरीही कॅमेरा दिसला नाही तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. कॅमेऱ्याच्या मेनूत वाय-फाय बंद आहे ना? या कॅननमध्ये वाय-फाय चालू असलं की यूएसबी काम करत नाही, आणि हे लक्षात यायला माझी एक अख्खी सकाळ गेली होती. ऑटो पॉवर ऑफ बंद करा, नाहीतर साडीची घडी नीट करेपर्यंत कॅमेरा झोपतो आणि जोडणी तुटते. केबल कोणती आहे तेही बघा. मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे जोडावर जोड लावू नका. फोटो मधेच अडकतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तुमच्या कामाला दोन-तीन मीटर पुरे.

कॅमेऱ्याच्या त्या छोट्या सॉकेटला जपा. केबलचा एक वेटोळा ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, म्हणजे पाय अडकून ओढ बसली तर ती ट्रायपॉडवर जाईल, सॉकेटवर नाही. घरात लेकरं असतील तर हे आज करा. सॉकेट आतून सुटलं की दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं.

आता केबल लावायचीच कशासाठी, हे बोलू. बरेच जण समजतात की फोटो थेट लॅपटॉपवर येतो म्हणजे कार्ड काढ-घाल वाचते. वाचते, पण तो फायदा किरकोळ आहे. खरा फायदा हा की साडी टेबलावर पसरलेली असते, उजेड तोच असतो, आणि त्याच क्षणी तिचा फोटो मोठ्या पडद्यावर तुमच्यासमोर असतो. चूक त्याच वेळी दिसते, त्याच वेळी दुरुस्त होते. रात्री घरी बसून फोटो उघडले तर साडी समोर नसते आणि डोळ्यात तिचा रंग नसतो. माणसाला आकार लक्षात राहतो, रंग राहत नाही. दोन तासांनी ‘काठ जरा जास्त लाल होता बहुतेक’ असं म्हणत स्लायडर सरकवायचे आणि त्यातून पुण्याहून साडी परत यायची.

म्हणून माझ्या एका सवयीबद्दल सांगतो. साडी ज्याने विणली त्याला मी लॅपटॉपशेजारी बसवतो. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या कोष्टी काकांच्या सपरीत मी त्यांचीच साडी काढत होतो. कोशाचं अंग, सुताचा लाल काठ, काठाला करवतीचे दाते. फोटो पडद्यावर आला, मला छान वाटला. काका वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हा काठ माहा नाही. माहा डाळिंबी आहे, हा त शेंदरी दिसते.” मी फोटो शंभर टक्के मोठा केला. काठावर सुताचे पिळ दिसायला हवे होते, तिथे सपाट रंगाचा पट्टा होता. करवतीचे दाते दिसत होते, पण त्यांच्या आतलं सूत नव्हतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती याचा आलेख, उघडला तर एकत्र आलेख बिनधास्त मधोमध, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला.

झालं असं होतं: लाल काठावरून लाल प्रकाशच जास्त येतो, म्हणून सेन्सरचा लाल भाग काठोकाठ भरला आणि त्यापुढे मोजणं थांबलं. हिरवा भाग मात्र अजून वाढतच होता. लाल अडकला, हिरवा वाढला, म्हणून डाळिंबी सरकत सरकत शेंदरी झाला. उजेड तिथेच ठेवून मी शटर दोन पायऱ्यांनी वेगवान केलं, फोटो थोडा काळसर आला, आणि काठाचं सूत परत आलं. काकांनी मान हलवली. साडी गुंडाळून पेटीत गेली असती तर ही चूक मला कधीच कळली नसती, आणि रॉ असूनही ती दुरुस्त झाली नसती.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण ‘रॉ मध्ये सगळं नंतर सुधारता येतं’ असं सर्रास सांगितलं जातं. रॉ फाइल म्हणजे फोटो नाहीच. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला त्याची ती नोंदवही आहे. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी तिची रचना मांडली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, म्हणून तिला बायर जाळी म्हणतात. तिच्यात निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच रंग माहीत असतो, बाकीचे दोन सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडून काढतं. तुमच्या कॅमेऱ्यात प्रत्येक नोंद १४ बिटची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या. म्हणून रॉ मध्ये अंधारातून तपशील वर काढायला खूप जागा असते. पण जो रकाना भरून सांडला, त्यात काय सांडलं याची नोंद वहीत नसते. डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोजरचा एक वेगळा इशारा आहे, तो कोणत्या रंगाचा रकाना सांडला ते फोटोवरच दाखवतो. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोला तो लावून बघा.

यातूनच तुमचा ‘मळकट’वाला प्रश्न सुटतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे दिसतं ते रॉ नसतं. कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने रंग चढवून, कॉन्ट्रास्ट वाढवून केलेलं छोटं जेपेग असतं, आणि ते रॉ फाइलच्या पोटातच ठेवलेलं असतं. डार्कटेबल सुरुवातीला ते पोटातलं चित्र दाखवतं आणि मग स्वतः नोंदवही वाचून चित्र नव्याने बांधतं. त्यामुळे फोटो आधी छान येतो आणि डोळ्यांदेखत फिका पडतो. बिघाड काहीच नाही. कॅमेऱ्याने केलेलं रंगकाम बाजूला झालं, आता ते तुम्हाला करायचं आहे.

ते करताना सगळ्यात आधी एक्स्पोजरचं मॉड्यूल घ्या आणि कोशाचं अंग डोळ्यांना समोरच्या साडीइतकं उजळ दिसेपर्यंत वाढवा. मग सिग्मॉइड किंवा फिल्मिक, दोन्हीपैकी एकच. दोन्ही एकाच कामाचे आहेत, फोटोतला उजेड-अंधार पडद्यावर मावेल असा बसवण्याच्या; एकावर एक चढवले तर चित्र बिघडतं. मी सिग्मॉइड वापरतो, कारण त्यात मोजकेच स्लायडर आहेत आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही शिकवता येतो. सॅच्युरेशनला हात लावू नका. कोसा भडक करायची इच्छा होते, मलाही सुरुवातीला व्हायची, पण ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्याचं हे रेशीम, त्याचा रंगच शांत आहे. घेणारा त्याच शांतपणाचे पैसे देतो.

कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल न्यूट्रल करून ठेवा. रॉ मध्ये त्याने फरक पडत नाही, पण कॅमेऱ्यातला हिस्टोग्रामही त्या पोटातल्या जेपेगवरूनच बनतो. स्टाइल न्यूट्रल असली की तो जरा खरं बोलतो.

आता पुण्याहून परत आलेली साडी. तुम्ही लिहिलंय की फोटो अंगणात, उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली काढले. माझ्या मते दोष तिथेच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी ही जाळी असते. आपल्याला तिच्याखाली हिरवं वाटत नाही, कारण डोळे दोन मिनिटांत सवय करून घेतात. सेन्सर सवय करून घेत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढणारी सेटिंग, थोडं सावरतो, पण त्याला माहीत नसतं की हा हिरवा जाळीचा आहे की कापडाचा.

मग ‘हिरवा कमी करू’ असं वाटतं. केलं तरी पूर्ण जमत नाही. जाळीखाली साडीच्या वरच्या घडीवर जाळीतून गाळलेला हिरवा उजेड पडतो, बाजूच्या घडीवर जाळीबाहेरच्या उघड्या आकाशाचा निळसर, आणि खालच्या घडीवर शेणाने सारवलेल्या जमिनीवरून उठलेला पिवळट. एका साडीवर तीन उजेड. व्हाइट बॅलन्सचा एक स्लायडर तिन्ही एकदम बरोबर करू शकत नाही. वरची घडी सुधारली की बाजूची जांभळट होते. खोलीत दारातून येणारा उजेड आणि वर पेटलेला बल्ब, यांचंही असंच होतं. नीळ घालून चुना दिलेली भिंत साडीपासून हातभर अंतरावर असेल तर तीसुद्धा कोशावर निळी झाक टाकते.

म्हणून एकच उजेड घ्या. घरातली उत्तरेकडच्या दाराची किंवा मोठ्या खिडकीची खोली निवडा, वरचे सगळे दिवे बंद करा. टेबल दारापासून चार-पाच फुटांवर. दाराच्या समोरच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तुकडा उभा करा, म्हणजे सावलीची बाजू उजळते आणि भिंतीची झाकही अडते. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढंच काम करा. त्यानंतर दारासमोरचं अंगण तापतं, त्याचाच पिवळा उजेड आत येतो, आणि आपल्याकडच्या उन्हात लॅपटॉपही तापून हळू होतो. दिव्यांवरच काढायचं असेल तर सगळे दिवे एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर याहून वेगवान केलं की एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे.

बाकी सेटिंग मॅन्युअल: आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड असल्यामुळे शटर जेवढं लागेल तेवढं. ऑटो काहीही नको, नाहीतर गडद पदर आला की कॅमेरा स्वतःच उजळ करतो आणि त्याच साडीचं अंग दोन फोटोंत दोन रंगांचं दिसतं.

मग ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड. साडी पसरण्याआधी त्याच जागी ग्रे कार्ड ठेवून एक फोटो काढा. पांढरा कागद चालणार नाही. कागदात चकाकीसाठी रसायन असतं, ते निळसर उजळतं. नीळ दिलेलं धोतर तर नकोच. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमधल्या पिकरने कार्डावर चौकट ओढा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की उजेडाचा हिशोब झाला. तीच सेटिंग कॉपी करून त्या सकाळच्या सगळ्या फोटोंना लावा. एक काळजी घ्या: साध्या व्हाइट बॅलन्स मॉड्यूलमध्ये तुम्ही वेगळा बदल केला असेल तर दोन्ही मॉड्यूल एकाच वेळी उजेड सुधारू लागतात, आणि डार्कटेबल लाल अक्षरांत इशारा देतं. तेव्हा व्हाइट बॅलन्सला कॅमेरा रेफरन्सवर आणा आणि सगळं काम कलर कॅलिब्रेशनवर सोडा. ढग आले किंवा ऊन सरकलं की ग्रे कार्ड परत. मी दर पाच-सहा साड्यांनी काढतोच.

विणीचा एक त्रास केबल असल्याशिवाय लवकर दिसत नाही. बारीक ताण्याबाण्याच्या कापडावर कधी कधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात, त्याला म्वारे म्हणतात. कापडाची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकतात म्हणून त्या येतात. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. तेव्हा लाटा गेल्या तर त्या फक्त पडद्याच्या आहेत, फाइलमध्ये नाहीत. राहिल्या तर कॅमेरा वीतभर मागेपुढे करा किंवा किंचित तिरपा करा, बहुधा जातात. नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलात तर करवतीच्या दात्यांच्या कडांचा रंगही पुसला जातो, आणि करवतकाठीत दाते हेच सगळं आहे.

लॅपटॉपच्या पडद्याबद्दल थोडं. नाइट लाइट बंद करा. चार्जर काढल्यावर पडदा आपोआप मंद होतो, तेही बंद. ब्राइटनेस एका ठिकाणी ठरवा आणि तिथेच ठेवा. पडद्यावर थेट उजेड पडू देऊ नका, पुठ्ठ्याच्या खोक्याचा आडोसा केला तरी पुरतो. स्वस्त लॅपटॉपचे पडदे कोशाची सोनेरी झाक पूर्ण दाखवत नाहीत. म्हणूनच मी ग्रे कार्डाच्या आकड्यांवर आधी विश्वास ठेवतो, मग विणणाऱ्याच्या डोळ्यावर, आणि पडद्यावर सगळ्यात शेवटी.

फाइली कुठे ठेवायच्या: दोन्हीकडे. यात तडजोड करू नका. केबलवरून शूटिंग करताना फोटो कार्डावर जाईल की फक्त कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीतून लॅपटॉपवर, हे एक सेटिंग ठरवतं, त्याचं नाव कॅप्चर टार्गेट. ते इंटर्नल रॅमवर असेल तर कार्डावर काहीच उरत नाही. ते मेमरी कार्डवर आणा. डार्कटेबलमध्ये सापडलं नाही तर जीफोटो२ नावाच्या छोट्या प्रोग्राममधून टर्मिनलवर बदलता येतं. पुढे कधी विंडोजवर कॅननचं ईओएस युटिलिटी वापरलंत तर त्यात कॉम्प्युटर आणि कार्ड दोन्ही असा पर्याय सरळ मिळतो. बदल केल्यावर दहा फोटो काढा, कार्ड बाहेर काढून मोजा. दहाच्या दहा आहेत हे स्वतः बघितल्याशिवाय खरं काम सुरू करू नका. कॅमेऱ्यात कार्ड नसताना शटर दाबलं जाऊ नये असाही पर्याय मेनूत आहे, तो लावून ठेवा.

हे एवढं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. २०१६ मध्ये एका संस्थेच्या साठेक साड्या मी दोन दिवस बसून काढल्या. कार्ड होतं, पण टार्गेट रॅमवर होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या रात्री लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. सकाळी साड्या प्रदर्शनाला निघून गेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा तिथेच विकल्या गेल्या. त्यात एका बाईंनी विणलेला एक पदर होता, तसा पदर त्यांनी पुन्हा केला नाही. त्याचा आज कुठेही फोटो नाही. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

आता तुमची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. साडीमागे आठ फोटो आणि चाळीस साड्या धरल्या तर ३२० फोटो, म्हणजे आठ ते दहा जीबी. आपल्या गावच्या नेटवर हे क्लाउडवर चढवण्यात अर्थ नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. रोज संध्याकाळी दोन्हींवर कॉपी करा, कॉपी झालेल्या फाइली उघडून बघा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातून. एक डिस्क घरी, दुसरी दुसऱ्या घरी. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा आपल्या दोन्ही काठांवरच्या किती घरांत पाणी शिरलं हे तुम्हाला सांगायला नको. माझी दुसरी डिस्क तेव्हापासून बहिणीकडे, उंचावरच्या गावात असते. तयार झालेले जेपेग मात्र क्लाउडवर जरूर ठेवा, ते हलके असतात.

रॉ फाइलवर डार्कटेबल काहीही लिहीत नाही. तुमचे सगळे बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात. तिचं नाव रॉ फाइलच्या पूर्ण नावापुढे एक्सएमपी लावून बनतं. कॉपी करताना ती सोबत न्या, नाहीतर रॉ राहील आणि केलेलं काम जाईल. फाइली इकडून तिकडे हलवायच्या असतील तर डार्कटेबलमधूनच हलवा. बाहेरून हलवल्या की त्याच्या यादीत फोटो दिसतो आणि जागेवर सापडत नाही. फोल्डरसाठी टिथरिंग सुरू करताना जॉब कोड विचारला जातो, तिथे गावाचं आणि खेपेचं नाव द्या, तारीख तो स्वतः लावतो. आणि प्रत्येक साडीचा पहिला फोटो पाटीचा: शाळेतली पाटी, खडूने साडीचा नंबर आणि विणणाऱ्याचं नाव. हे अगदी साधं आहे, पण सहा महिन्यांनी ‘तो जांभळा काठ कोणाच्या मागावरचा’ असं विचारणारा फोन येतो, तेव्हा उत्तर एका मिनिटात सापडतं.

लाइन जाण्याचा प्रश्न असतोच. खिडकीचा उजेड वापरलात तर लाइन गेली तरी शूटिंग थांबत नाही, फक्त लॅपटॉप सांभाळायचा. कॅमेऱ्याच्या एलपी-ई१० बॅटऱ्या तीन ठेवा. केबलवर लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर दिसणारं थेट चित्र) सारखा चालू ठेवलात तर बॅटरी भराभर उतरते आणि सेन्सरही तापतो, म्हणून फ्रेम जुळवताना चालू करा आणि लगेच बंद करा. साडी नेसून उभ्या असलेल्या मुलीचे फोटो काढताना मात्र केबल काढून टाका. माणूस हलतो, तुम्हालाही हलावं लागतं, तिथे केबल आड येते. त्या फोटोंसाठी सुरुवातीचा ग्रे कार्डचा एक फोटो पुरेसा आहे.

शेवटी जेपेग काढताना रंगांसाठी एसआरजीबी (वेब आणि मोबाइलवर सर्रास चालणारा रंगसंच) निवडा, लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास, क्वालिटी ९०. अॅडोब आरजीबीमध्ये काढलेले फोटो कितीतरी ठिकाणी फिके दिसतात. मग ते तीन-चार वेगवेगळ्या मोबाइलवर बघा, कारण गिऱ्हाईक मोबाइलवरच बघणार, आणि काही मोबाइल सगळंच भडक दाखवतात. तो भडकपणा तुम्ही थांबवू शकत नाही. म्हणून प्रत्येक साडीसोबत एक फोटो तळहातावर ठेवलेल्या घडीचा द्या. माणसाच्या हाताचा रंग सगळ्यांना माहीत असतो, बघणारा मनातल्या मनात त्यावरून कोशाचा अंदाज घेतो. वर्णनातही ‘मधासारखा, उन्हात सोनेरी, सावलीत गव्हाळ’ असं स्पष्ट लिहा, कारण कोसा कोन बदलला की खरंच बदलतो.

आणि ती परत आलेली साडी अजून विकायला लावू नका. जाळीखाली काढलेली तिची रॉ फाइल तुमच्याकडे आहे. आता तीच साडी उत्तरेच्या दाराशी, ग्रे कार्डासकट, केबलवर पुन्हा काढा. दोन्ही फोटो डार्कटेबलमध्ये शेजारी शेजारी ठेवा आणि ती विणणाऱ्या तुमच्या वडिलांना बोलावून विचारा, यातली तुमची कोणती. ते बोट ठेवतील तो फोटो पुण्याच्या ताईंना पाठवा आणि साडी हवी आहे का ते पुन्हा एकदा विचारून बघा. हिशोब जमला नाही तर दोन्ही रॉ फाइली आणि त्यांच्या एक्सएमपी माझ्याकडे पाठवा, मी बघून सांगतो.